रोटातला वाटा

भाऊ, लग्नानंतर मला सुरतेच्या गाडीत बसवायला तुम्ही सगळे शिंदखेडा स्टेशनावर आला होतात. माय खिडकीचा गज धरून म्हणाली, "पोरी, आते तुन्हं घर तठेच शे." मी हसले होते. नव्या शहराचं काय अप्रूप होतं तेव्हा!

हे कापडाच्या लूमवर कामाला. घर म्हणजे एक खोली आणि भिंतीपलीकडे रात्रंदिवस खडखड. हळूहळू तीही अंगवळणी पडली. शेजारणीशी गुजराती, पोरीशी मराठी, रागावले की अहिराणी. पण श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की आम्ही तिघं यांच्या गावी जायचो, सगळ्या भाऊबंदांबरोबर तिच्या प्रसादाचे रोट खायचो. तेवढ्यावर वर्ष निघायचं.

मग हे गेले. पुढच्या श्रावणात सासरहून बोलावणंच आलं नाही. दीर आधीच म्हणाले होते, "वहिनी, आता तुम्ही माहेरीच बऱ्या." म्हणून मी खोली सोडली आणि पोरीला घेऊन कायमची तुझ्या दारात आले. आपल्याकडे नेमकी कानबाई बसली होती.

रोट कुळातल्यांनीच खायचे, लग्न झालेली लेक परकी, हे मला काय ठाऊक नव्हतं? पोर मात्र तुझ्या मुलांशेजारी पंगतीत जाऊन बसली. वहिनीनं तिला दंडाला धरून उठवलं. मायनं आम्हा दोघींना ओसरीत वरण-पोळी वाढली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. पोरीनं विचारलं, "आई, मग आपले रोट कुठे असतात?" सासरचे तुटले, माहेरचे चालत नाहीत.

तरी लाज सोडून तुला म्हटलं, "रोट राहू दे, गोठ्याशेजारची खोली दे. मजुरी करून खाईन." तू मान खाली घालून म्हणालास, "दोन दिन ऱ्हाय, मंग देखूत." आपले आबा खाटेवर बसून ऐकत होते. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही कानबाईला वाजतगाजत विसर्जनाला नदीवर नेलं. मीही पिशवी उचलली, पोरीचा हात धरला आणि मागोमाग निघाले.

आता सुरतेत दुसरी खोली आहे. कुणी गाव विचारलं की मी खोलीचा पत्ता सांगते. घर कुठलं म्हणून सांगू, भाऊ? त्या दिवशी काठावर मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. एका रात्रीची पाहुणी कानबाई, तिला तू हात जोडून म्हणालास, "पुढला सालले ये वं माय!" आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "तुन्ही गाडीना टाईम व्हई ग्या."