जो चांगला तो माझा

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती ऐकून घ्या. उद्या बाहेरून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेली बरी! हसायचं असेल तर हसा, पण कप खाली ठेवून हसा. सोफा नवीन आहे.

तर झालं असं, की मी आणि माझा मित्र मकरंद, आम्ही काही वर्षांपूर्वी 'मांडव' नावाचं एक ॲप काढलं. द्राक्षबागायतदारांसाठी. कधी कसली फवारणी केली, पाऊस कधी झाला, माल कधी तोडायचा, असलं सगळं त्यात नोंदवायचं. फुकट आणि ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला खुला. कुणीही यावं, बघावं, दुरुस्त करावं. कुणीही यावं आणि नावं ठेवावीत. यातलं दुसरं काम लोक जास्त मनापासून करतात.

कोड मकरंदचा आणि आयकॉन माझे. मी कॉलेजात गणित शिकवतो, पण शाळेत ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा पास झालोय, हे कुणाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बघा, तुम्हालाही सांगितलंच! ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी एक ओळ होती, 'सर्व चित्रे: अविनाश'. गंगापूर रोडवर कुठेही चहाला बसलो की मी समोरच्याचा फोन मागून घ्यायचो आणि ती ओळ दाखवायचो. बायको म्हणायची, "अहो, अनोळखी माणसं आहेत ती!" असू देत. कलेला ओळख कशाला लागते?

आणि एक दिवस मकरंदनं ऋताला आणलं.

ऋता डिझायनर. तेच तिचं पोटापाण्याचं काम. आमच्या मीटिंगमध्ये तिनं नमुना म्हणून द्राक्षाचा एक घड काढून दाखवला. मकरंदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "काय रेषा आहे!"

अहो, इतक्या वर्षांत माझ्या रेषेबद्दल हा माणूस एक अक्षर बोलला नव्हता! एकदाच म्हणाला होता, "तुझ्या फाइली लहान असतात, बरं पडतं." उगाच कशाला लपवू? मी जळलो. अगदी मनापासून जळलो.

पुढे तर कहरच. आयकॉन सगळे नव्यानं करायचे आणि ऋताच्या मेहनतान्यासाठी वर्गणी काढायची असं ठरलं! मी फुकट काढलेले आयकॉन घालवायला लोकांनी पैसे द्यायचे! गणपतीला वर्गणी मागतात ठीक आहे, पण इथं विसर्जन माझं होतं.

मकरंदनं ॲपच्या पानावर एक हिरवी पट्टी टाकली. पैसे येतील तशी ती पुढे सरकायची. मी दिवसभर तीच बघत बसायचो. सरकली की घास घशाखाली उतरत नसे, थांबली की पुन्हा भूक लागे.

आणि देवाला माझी दया आली. पट्टी मध्येच अडकली! ज्यांच्याकडून मोठी रक्कम येणार होती ते दोन-तीन बागायतदार म्हणाले, "जुन्यात काय वाईट आहे?" मी त्यांना घरबसल्या नमस्कार केला.

पुढच्या मीटिंगला मी हाच मुद्दा लावून धरला. मकरंद म्हणाला, "अवी, भांडण कशाला? ज्यांनी ॲप कधी उघडलंच नाही अशा शेतकऱ्यांना विचारू. जुन्या आयकॉनचा एक कागद, नव्यांचा एक कागद. कुठला कुणी काढला ते सांगायचं नाही. देणगीदारांसमोर, व्हिडिओ कॉलवर विचारू."

"मी विचारतो!" मी टुणकन उडालो. "पिंपळगाव बसवंतला माझी ओळख आहे."

ओळख म्हणजे काय, सासरवाडी! माझा मेहुणा शिवा, त्याचं द्राक्षं साफ करून पेट्यांत भरायचं पॅकहाउस आहे तिथं. त्या घरात एकानंही माझं ॲप उघडलेलं नव्हतं. शिवा अजून फवारणीच्या तारखा शेडच्या भिंतीवर खडूनं लिहितो. इतकी वर्षं मला त्याचा राग होता. त्या दिवशी त्याच्याबद्दल एकदम प्रेम दाटून आलं.

लगेच फोन लावला. "शिवा, दोन कागद घेऊन येतोय. त्यावर चित्रं आहेत. एक कागद माझा, एक दुसऱ्या कुणाचा. माझ्याची तारीफ करायची, दुसऱ्याची पिसं काढायची. कॅमेऱ्यासमोर."

"एवढंच ना दाजी? बिनघोर या. पण तुमचा कोणता ते वळखायचं कसं?"

आता इथं, अहो इथं, कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं की बाबा रे, माझ्या डाव्या हातात असेल तो माझा. पण नाही! माझ्यातला कलावंत जागा झाला.

"अरे, बघताक्षणी कळेल. जो चांगला तो माझा!"

"हां, ते बी खरंय," शिवा म्हणाला.

"आणि तिथं मला दाजी म्हणू नकोस. साहेब म्हण."

झालं. ठरल्या दिवशी पॅकहाउसला पोचलो. आत बाया कात्रीनं घड साफ करत बसलेल्या, सासूबाई खुर्चीवर. क्रेटची थप्पी रचून तिच्यावर मोबाइल उभा केला. पडद्यावर मकरंद, ऋता आणि ते बागायतदार. मी दोन्ही हातांत दोन कागद धरले आणि शिवाकडे बघून हळूच हसलो.

शिवानं हा कागद बघितला, तो बघितला. मग त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं पुढे होऊन थेट ऋताच्या कागदावर बोट ठेवलं!

"याला म्हणत्यात काम! हा घड बघा साहेब, उचलून पेटीत भरावा वाटतो. हा ब्लोअर, हा पाऊस. साळंत न गेलेल्याला बी कळंल. अन् हे..." त्यानं माझा कागद दोन बोटांत धरला. "हे काय हाय? हत्ती?"

"फवारणीचा ब्लोअर आहे तो," मी म्हणालो.

"मंग सोंड कशाला दिली त्याला?"

सासूबाई पुढे वाकल्या. "अन् हे मधमाश्यांचं पोळं कशापायी काढलं म्हणायचं?"

"घड आहे तो!"

मी खोकलो. डोळे वटारले. माझ्याच कागदावर बोट आपटून खुणा केल्या, की अरे गाढवा, हा, हा माझा! शिवानं समजल्यासारखी मान डोलावली. त्याला वाटलं, दाजी म्हणतायत अजून जोर लाव.

आणि त्यानं जोर लावला! "ए मंदे, या गं समद्या, हे बघा काय काढून ठेवलंय!"

बाया कात्र्या टाकून धावल्या. मंदाबाईंना माझा ढग फ्लॉवरचा गड्डा वाटला. दुसरी म्हणाली, "गड्डा कुठला, उशी फाटलीय ती." अख्खं पॅकहाउस पोट धरून हसत होतं आणि मध्ये मी, कागद हातात घेऊन उभा. शेवटी शिवा इतका रंगात आला की म्हणाला, "दाजी, हे ज्यानं काढलं ना, त्याला द्राक्षाच्या बागेत पाय ठिवू देऊ नका!"

पडद्यावर मकरंद एकदम पुढे झुकला.

"दाजी?" मकरंद म्हणाला. "अवी, ही तुझी सासरची माणसं आहेत?"

संपलं, म्हटलं. लबाडी उघडी पडली. मी कशीबशी मान हलवली.

तर मकरंदनं चष्मा काढून डोळे पुसले! "सख्खी सासरची माणसं, आणि तरी तू त्यांना एका शब्दानं पढवलं नाहीस? धन्य आहेस अवी. कुठला कागद कुणाचा ते आताही सांगू नकोस, नियम म्हणजे नियम." ऋतानं हात जोडले. बागायतदारांपैकी एक म्हणाला, "एवढी खरी तपासणी आम्ही आमच्या मालाचीसुद्धा करत नाही. घ्या आमची वर्गणी."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं बोललो तर लबाड ठरणार, गप्प बसलो तर माझे आयकॉन गेले. मी म्हणालो, "जे खरं ते खरं." आवाज थोडा फुटला. त्यालाही मोठेपणा समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तरी पट्टी थोडी रिकामी होतीच, मला तेवढाच आधार. तोही शिवानं ठेवला नाही. गडी मोटरसायकल काढून पिंपळगावातल्या पॅकहाउसांतून फिरला. "आमच्या दाजींच्या हातचं काम हाय, हात आखडू नका!" माझ्याच सासरवाडीनं माझ्या नावावर ऋताची वर्गणी पुरी केली.

आता ॲपवर ओळ आहे, 'सर्व चित्रे: ऋता'. शिवा ॲप उघडत नाही, एवढंच माझं नशीब. आणि चित्रं चांगली आहेत हो. तेच तर सहन होत नाही!

परवा सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, लय नाव काढलंत बगा. पण एक सांगू का? त्या दुसऱ्या चित्रवाल्याला त्या दिवशी लय बोललो आम्ही. वाईट वाटलं आसंल बिचाऱ्याला. त्याला तुमच्या हाताखाली घ्या ना. शिकंल हळूहळू."

फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई," म्हटलं, "लहानपणापासून शिकवतोय त्याला. काही फरक पडत नाही."