कान नसलेला रातकिडा

कीटक संग्रहालयात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. एकवीस वर्षं ती मेलेले किडे टाचण्यांना लावत होती, बारीक अक्षरात चिठ्ठ्या लिहून खणांत भरत होती. साहेब किड्याची जात सांगत, ती खण उघडे. एवढंच काम.

एकदा कुठल्याशा भुयारातून स्पिरिटची बाटली आली. आत तीन रातकिडे, दोन माद्या आणि एक नर. साहेबांनी वरवर पाहून जुन्याच एका घराण्यातल्या जातीचं नाव सांगितलं. चिठ्ठी लिहिण्याआधी तिने सवयीने भिंगातून पाहिलं. रातकिड्याचा कान पुढच्या पायावर असतो, गुडघ्याच्या जरा खाली. इथे काहीच नव्हतं.

"साहेब, ह्यांना कानच नाहीत."

"स्पिरिटमध्ये आकसले असतील, बाई. ठेवून द्या."

तिने ठेवून दिले, पण जिवाला चैन पडेना. तिघांचे मिळून सहा पुढचे पाय, ते सगळे सारखेच कसे आकसतील? घरी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं. नणंदेने पहिलाच घास घेऊन पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"वहिनी, लक्ष कुठंय तुझं?"

"किड्याच्या पायात."

"मग उद्यापासून स्वयंपाक मी करते," नणंद म्हणाली आणि खरंच करू लागली.

जेवणाच्या सुट्टीत बाई जुने खण काढून बसू लागली. चाळीस जाती पाहिल्या. प्रत्येकीला पायाच्या निदान एका बाजूला तरी कान होता. खात्री करायची तर नराचं पोट चिरून आतली जननेंद्रियं पाहायला हवी होती, जातीची पक्की खूण तिथेच असते; आणि नर एकुलता एक. साहेब नाही म्हणतील हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलंच नाही. ज्या दिवशी सुई हातात घेतली, त्या दिवशी तिला दोनदा उठून हात धुवावे लागले.

काम होताच ती साहेबांच्या टेबलापाशी गेली. "मी नर उघडला."

"एकच होता तो! विचारायची पद्धत नाही का?" साहेब तावातावाने उठले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला. मग खुर्ची ओढून बसले. "हे ह्या घराण्यातलं नाही. ओळखीच्या कुठल्याच घराण्यातलं नाही."

नुसती नवी जात नव्हती ती, आख्खं नवं घराणंच होतं. मोजमापं, चित्रं, वर्णन ह्यात अकरा महिने गेले. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर साहेबांबरोबर तिचंही नाव होतं. नणंदेने तो शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवला. दोघींनाही त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

बाईला मात्र धड आनंदही होईना. एकवीस वर्षांत असे किती किडे "आकसले असतील" म्हणून आपल्याच हाताने चुकीच्या खणात गेले असतील? पुढच्याच सोमवारी तिने पहिलं कपाट उघडलं. आतापर्यंत एकोणीस खण तपासून झालेत. दोन चुका सापडल्या. दोन्ही चिठ्ठ्यांवर अक्षर तिचंच आहे.