माया सल्ला देत नाही

लोणंदला कांदा मार्केटच्या मागं माजी सैनिकांच्या एका संस्थेचा हॉल आहे आणि हॉलला लागून दहा बाय बाराची एक खोली. खोलीवर पाटी आहे, 'समुपदेशन केंद्र'. पाटी वाचून माणसं आत येतात ती बहुतेक एकच मागणी घेऊन. म्याडम, आमच्या माणसाला जरा चार शब्द सांगा. सुनेला नांदायला जा म्हणावं, पोराला अभ्यासाला बस म्हणावं, म्हाताऱ्याला बाटली सोड म्हणावं. आणि खोलीत बसणारी माया नेमकं तेवढंच करत नाही. ती म्हणते, "मी सांगत न्हाई. ऐकते." ऐकायला काय शिक्षण लागतं, असं लोक तोंडावर विचारतात. लागतं. तिला अकरा वर्षं लागली, आणि पुरतं जमलं असं ती अजून म्हणत नाही.

माया माण तालुक्यातल्या धनगर वस्तीवरची, आप्पासो आणि हरणाबाईंची थोरली. नऊ वर्षांची होईस्तोवर मेंढरांमागं चालली, मग आश्रमशाळा, मग कॉलेज. लग्न झालं, टिकलं नाही. का टिकलं नाही ते तिनं कुणाला समजावून दिलेलं नाही, तेव्हा आपणही विचारू नये. तिच्याविषयी बोलताना मेंढरांचा दाखला द्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. एका सरांनी भरल्या वर्गात कौतुक केलं, "मायाला हे काम सोपं जाणार, वळवायची सवय रक्तातच आहे." माया उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माणूस म्हंजे मेंढरू न्हाई. आन मेंढरूबी तुमी समजता तसं न्हाई." सरांनी पुढचा धडा काढला.

पहिली नोकरी सरकारी दवाखान्यातली. हातात छापील तक्ता, तक्त्यावर वीस सूचना, माणशी बारा मिनिटं. तीन वर्षं ती तक्ता वाचत राहिली. एक दिवस एक बाई वीसच्या वीस सूचना निमूट ऐकून म्हणाली, "तुमचं झालं का म्याडम? आता माझं सांगू?" आणि बारा मिनिटं संपली होती. बाहेर पुढचा नंबर उभा होता. बाई उठून गेली ती पुन्हा आली नाही. त्या दिवशी मायाला स्वतःची लाज वाटली, आणि महिनाभरात तिनं राजीनामा दिला. हरणाबाईंनी कपाळावर हात मारला. सरकारी नोकरी सोडणारी धनगराची पोर त्यांनी तोवर पाहिली नव्हती.

मग सांगली. शनिवार-रविवारी चालणारा दोन वर्षांचा वर्ग, येताजाता एसटी. तिथं तिला तिच्या मनातलंच कुणीतरी आधी बोलून ठेवलेलं सापडलं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी, जेव्हा डॉक्टरनं सांगायचं आणि आलेल्यानं मान डोलवायची असा शिरस्ता होता, तेव्हा अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञानं उलटंच म्हटलं होतं. कुठं दुखतंय आणि कुठल्या वाटेनं जायचं हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. ऐकणाऱ्यानं खोटं वागू नये, समोरच्याची मापं काढू नयेत, आणि त्याचं म्हणणं त्याच्या बाजूनं समजून घ्यावं. याला व्यक्तिकेंद्री समुपदेशन म्हणतात. नाव जड आहे, काम त्याहून जड.

सुरुवातीला ती पुस्तकात लिहिल्यासारखं बोलायची. समोरचा म्हणायचा, भाऊ माझ्याशी बोलत न्हाई, ही म्हणायची, "भाऊ बोलत नाही याचं तुम्हाला दुःख होतंय." एका गड्यानं सरळ विचारलं, "मी तेच म्हटलं की. परत मलाच कशापायी सांगताय?" माया पोट धरून हसली, आणि त्या दिवसापासून तिनं पुस्तकी वाक्यं कायमची बासनात बांधून ठेवली.

तिची परीक्षा पाहिली ती लालासाहेबांनी. सेवानिवृत्त सुभेदार, बावीस एकर ऊस, संस्थेचे अध्यक्ष, आणि खोलीच्या कुलपाची एकुलती एक किल्ली त्यांच्या खिशात. रोज सकाळी त्यांचा माणूस येऊन खोली उघडायचा, संध्याकाळी लावायचा. खोली मायाला फुकट दिली होती आणि ते ही गोष्ट विसरू देत नसत. एप्रिलमध्ये ते स्वतः आले, मागं बायको, मनुबाई, सत्तरीची.

"हिची वाचा गेलीया," ते म्हणाले. "जानेवारीपासनं घरात एक शब्द न्हाई. डोक्याचा फोटू काढला, घशाचा डॉक्टर झाला, देवरुषीबी झाला. आता तुमी हिला बोलती करा. आन काय म्हनली त्याचा मला रिपोर्ट द्या."

"रिपोर्ट मिळायचा न्हाई, सुभेदारसाहेब," माया म्हणाली. "बाकी बसू दे त्यास्नी."

पहिल्या दिवशी मनुबाई पन्नास मिनिटं गप्प बसल्या. पदर नीट, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मायानं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मावशी, तुमी गप बसला तरी मला चालतंय. पुढच्या सोमवारी या." दुसऱ्या सोमवारी तेच. त्या दिवशी मायाला ते जड गेलं आणि तिनं ते लपवलं नाही. "मला आज जरा अवघडलं, मावशी. पन ते माझं मी बघते. तुमी त्यापायी बोलू नगा." मनुबाईंनी पहिल्यांदा कॅलेंडर सोडून तिच्याकडं पाहिलं.

तिसऱ्या सोमवारी खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या, "मी मुकी न्हाई. मी गप हाय."

आणि मग सगळं सांगितलं. सव्वीस जानेवारीला गावात सुभेदारांचा सपत्नीक सत्कार झाला. त्यांना शाल आणि नारळ, हिला खण. माईक हातात आल्यावर सुभेदार रंगात आले. म्हणाले, मी बावीस वर्सं बॉर्डरवर बर्फात उभा ऱ्हायलो आन आमची मंडळी घरी सावलीत बसून खात हुती. सगळा मांडव हसला. दोन्ही मुलगे हसले. नातवंडं हसली.

"हिकडं सासू अंथरुणाला खिळल्याली," मनुबाई म्हणाल्या. "पाटाच्या पान्याची पाळी मी धरली. धाकटा पोटात असताना उसाच्या लागणीचं बेणं मी वाहिलं. थोरल्याला ताप चढला तवा पाठीवर घिऊन दवाखाना गाठला, आन त्यास्नी कागदावर लिवलं, सगळं बरं हाय. म्हंजे त्यास्नी तिकडं घोर नको. बावीस वर्सं बरं हाय, बरं हाय. त्यास्नी ते खरं वाटलं." मग त्या म्हणाल्या, "खण तसाच ठिवलाय. शिवला न्हाई."

मायाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, उठावं, दार उघडावं आणि त्या माणसाला चार शब्द ऐकवावेत. एका वाक्यात गाठ सुटली असती, लोक म्हणतात तसा सल्ला एकदाच देऊन टाकता आला असता. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "मांडव हसला, पोरंबी हसली," ती म्हणाली, "आन तुमी तितं खण हातात घिऊन हुबा हुता." मनुबाईंनी मान हलवली आणि रडल्या. आवाज न करता, पण पोटभर.

जाताना त्यांनी विचारलं, "आता तुमी त्यास्नी सांगनार?"

"न्हाई."

"खोली त्यांची हाय."

"खोली त्यांची. बोलनं तुमचं."

बाहेर सुभेदार घड्याळ बघत उभे होते. मनुबाई गाडीत जाऊन बसल्या तसे ते आत आले. "बोलली. मी आवाज ऐकला. काय म्हनली?"

"ते त्यांच्यापाशी हाय."

"सत्तेचाळीस वर्सांचा संसार हाय माझा. मला कळाय पायजे."

"तुमास्नी लय लागलंय हे," माया म्हणाली, आणि ते खरंच होतं. माणसाचे डोळे रात्ररात्र जागल्यासारखे दिसत होते.

"मला काय लागल्यालं न्हाई," सुभेदार कडाडले. "खोली कुणाची हाय ध्यानात घ्या. सोमवारी सांगनार असाल तर उघडीन. न्हाईतर कुलूप."

त्या आठवड्यात मायाला झोप लागली नाही. तिच्याकडं नऊ माणसं येत होती, आणि त्या नऊ जणांना बोलायला गावात दुसरी जागा नव्हती. एका म्हातारीच्या गुपितापायी आठ जणांना उघड्यावर आणायचं का? तिनं हिशेब मांडून पाहिला आणि तो तिचा तिलाच किळसवाणा वाटला. आज मनुबाईंचं सांगितलं तर उद्या उरलेल्या आठांचंही सांगावं लागेल. मग ती खोली आणि गावचा पार यात फरक काय राहिला? तिनं हॉलच्या शिपायाला निरोप दिला, "साहेबास्नी म्हणावं, कुलूप घाला."

सोमवारी ती आली तेव्हा कुलूप होतं. आणि पायरीवर मनुबाई बसल्या होत्या, एकट्या, हातात एसटीचं तिकीट.

पाच मिनिटांत सुभेदारांची गाडी धुरळा उडवत आली. बायको घरात नाही म्हणून माणूस घाबराघुबरा झाला होता. सांगून जायची सोय मनुबाईंनी जानेवारीतच बंद केली होती. तिला पायरीवर बघून त्यांच्या जिवात जीव आला आणि त्याच दमात राग आला. ते काही बोलणार, तोच मनुबाई उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"किल्ली द्या."

चार महिन्यांनी त्यांच्याशी बोललेले ते पहिले दोन शब्द. सुभेदारांचा हात आपोआप खिशात गेला. मनुबाईंनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"आगं, बोल की मग," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता. "काय चुकलं माझं? ही बाई तर सांगंना."

"ती सांगनार न्हाई. मीबी सांगनार न्हाई. तुमी आठवा."

ते तिच्यामागं आत यायला निघाले. मनुबाई दारातच वळल्या.

"आवं, तुमी भायेर. मी बावीस वर्सं वाट बघितली. तुमी पन्नास मिन्टं बसा."

त्यांनी आतून कडी घातली. सुभेदार बायको जिथं बसली होती त्याच पायरीवर टेकले.