तात्यासाहेबांनी लिहिलेला शेवटचा अर्ज

तात्यासाहेब पोलिसांना घरात खुर्ची देत नसत. फौजदार असो की शिपाई, कागद घेऊन आलेल्याशी ते ओसरीवर उभ्यानेच बोलत. ते अमरावतीला सरकारी वकील होते आणि मी त्यांचा सहायक. "आपण सरकारचे वकील आहोत, पोलिसांचे नाही," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आरोपीच्या फायद्याचा कागद सापडला, की तो ते स्वतःच न्यायाधीशांपुढे ठेवत. समोरचा वकील ओशाळून जाई.

मग वलगावच्या किसनचा खटला आला. किसन माळी, भाजी पिकवून विकायचा. त्याच्यावर पोलीस जमादाराच्या खुनाचा आरोप होता आणि पाहणारा साक्षीदार एकच. कागद चाळताना तात्यासाहेबांना आढळलं, की त्या दिवशी तो साक्षीदार तापाने बडनेऱ्याच्या एका दवाखान्यात पडून होता. त्यांनी लगेच खटला मागे घेण्याचा अर्ज लिहिला. वरच्या साहेबांनी बोलावून तो देऊ नका म्हटलं. ते ठरवणं माझं काम, एवढं सांगून तात्यासाहेब परत आले. अर्ज कोर्टात जाण्याआधीच त्यांची नेमणूक रद्द झाली.

मीही सोडतो म्हणालो, तर त्यांनी अडवलं. "तुम्ही राहा. निदान एक जण तरी कागद नीट वाचेल."

मी राहिलो. दवाखान्याची गोष्ट तात्यासाहेबांनी किसनच्या वकिलाला कळवली, पण तोवर तिथल्या बुकातलं साक्षीदाराच्या नोंदीचं पान नाहीसं झालं होतं. ते पान मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नव्या सरकारी वकिलांनी साक्षीदाराला प्रश्न विचारायला मलाच उभं केलं. मी विचारले. किसनला जन्मठेप झाली.

महिनाभराने तात्यासाहेब मला घेऊन अकोल्याच्या तुरुंगात त्याला भेटायला गेले. उच्च न्यायालयात अपील करू, असं ते त्याला समजावत होते. किसनने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी भले मानूस हा, साहेब," तो म्हणाला. "पन तुमाले काढलं, तं दुसरा आला. मले सोडवाले कोनी दुसरा येत नाई."

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

अपील फेटाळलं गेलं. तात्यासाहेबांनी पुन्हा काळा कोट घातला नाही. दोन वर्षांत ते गेले.

त्या दिवशी अकोल्याहून परतताना ते खिडकीशी बसले होते. साक्षीच्या वेळी तुम्ही त्या पानाबद्दल गप्प का राहिलात, हे ते आता विचारतील, म्हणून मी बडनेऱ्यापर्यंत उत्तर जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही.