लवकर आलेले रॉबिन

एप्रिल उजाडला तरी कॅनडात माझ्या मुलाच्या, सुहासच्या अंगणात वीतभर बर्फ पडला. दक्षिणेकडून नुकतेच परतलेले तीन रॉबिन पक्षी कुंपणावर पिसं फुगवून बसले होते. किडे, गांडुळं, सगळं बर्फाखाली गेलेलं. सुहास ऑफिसची घाई सोडून बाहेर गेला, फावड्याने हातभर गवत मोकळं केलं आणि त्यावर भिजवलेले मनुके पसरले.

मी खिडकीतून बघत होते. मला येऊन महिना झाला होता, पण माझे गुडघे कसे आहेत हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. सत्तरीतल्या बाईने पाखरांचा हेवा करणं शोभत नाही, पण मला वाटला खरा. ज्यांना मागता येत नाही, त्यांच्याकडे माणसाचं लक्ष आधी जात असावं.

तो आत आल्यावर मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "एवढ्या लवकर येतात कशाला?"

"आधी येणाऱ्याला घरट्यासाठी चांगली जागा मिळते, आई. पण असे दिवस काढावे लागतात." हातमोजे काढत तो म्हणाला, "मीही काढलेत की. इथल्या पहिल्या हिवाळ्यात तापाने पडलो होतो, तेव्हा समोरच्या आजी रोज सूप आणून द्यायच्या."

"मला फोनवर कधी सांगितलं नाहीस."

"तू तिथून काय करणार होतीस?"

बाहेर एक रॉबिन खाली उतरून मनुके टिपू लागला. मी त्याच्याकडे बघत होते, पण आता हेवा वाटत होता तो त्या समोरच्या बाईंचा.