आमच्या पोरीची गरिबी शोधायला आलेले लोक

तुमच्या मुलीनं पहिला नंबर काढल्यावर तिनं किती हाल सोसले याचा पुरावा तुमच्याकडे कधी कुणी मागितलाय का? आमच्याकडे मागितला. घरी येऊन, कॅमेरा लावून, वहिनीच्या हातचा चहा पिऊन मागितला.

माझी भाची मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका इंग्रजी शाळेत सहावीत आहे, राखीव जागेवर. गेल्या हिवाळ्यात शाळेत स्पेलिंगची स्पर्धा झाली. सर शब्द उच्चारायचे, मुलं उभी राहून एकेक अक्षर सांगायची. चुकला तो बसला. शेवटी ती एकटीच उभी होती, आणि ते अख्ख्या शाळेनं पाहिलं. पुढची फेरी पांढुर्ण्याला, शाळेतून एकच मूल जाणार. त्या संध्याकाळी तिनं स्वतःच गणवेशाला इस्त्री केली आणि बूट पुसून खिडकीत ठेवले. इतकी साधी गोष्ट होती. ती नासवली एका सिनेमानं.

दुसऱ्या दिवशी शाळेनं मुलांना आणि पालकांना हॉलमध्ये बसवून तो दाखवला, सगळ्यांना प्रेरणा मिळावी म्हणून. तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या वहिनीबरोबर, मीही गेले. सिनेमात स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरलेली एक गरीब पोरगी आहे. तिची आई लोकांची धुणी धुते. घरात दिवा नाही, वही नाही, म्हणून पोरगी कोळशानं भिंतीवर शब्द लिहिते. वर्गातले तिला हिणवतात, बाई तिला मागच्या बाकावर बसवते. शेवटी ती ढाल जिंकते आणि हिणवणारे उभे राहून टाळ्या वाजवतात. टाळी वाजवली की फिटलं. मागच्या बाकाचा जाब कुणी कुणाला विचारत नाही.

मी पत्रकांवर वाढले. बाबा दर दसऱ्याला नागपूरहून चळवळीची चार-चार पानांची पत्रकं आणायचे, आणि मी वाचायला शिकले ते त्यांवरच. त्यांत प्रत्येक दुःखाखाली त्या दुःखाचा मालक कोण ते लिहिलेलं असायचं. या सिनेमात दुःख भरपूर होतं, मालक मात्र कुठेच नव्हता. गरिबी तिथं धुक्यासारखी होती, आपोआप उतरलेली. आजूबाजूचे पालक रडत होते. वहिनीनं फक्त एवढंच विचारलं, त्या बाईले धुण्याचे पैसे कोणी देत नव्हतं का.

सिनेमा संपला आणि शाळेच्या संचालकांना कल्पना सुचली. आपल्याकडेही अशी एक मुलगी आहे. पांढुर्ण्याला जायच्या आधी तिचा छोटा व्हिडिओ काढू, शाळेचं नाव होईल. राखीव जागेवरची पोरगी, म्हणजे घरी अंधार असणारच, हे त्यांनी घरबसल्या ठरवून टाकलं होतं.

रविवारी स्पर्धा घेणारे तेच सर एका कॅमेरावाल्याला घेऊन आले. दारातच त्यांचा चेहरा पडला. दादा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे, वहिनी अंगणवाडीत. घरात फरशी आहे, फ्रीज आहे, पुस्तकांनी भरलेलं फडताळ आहे. सर जरा वेळ घर बघत राहिले. मग म्हणाले की घर छान आहे, पण व्हिडिओत थोडा संघर्ष दिसायला हवा.

आणि मग ते आमच्या घरात गरिबी मांडू लागले. फ्रीजवर चादर टाकली. भिंतीवर कोळशानं शब्द लिहिता येतील का, असं विचारलं. दिवाळीला दिलेला रंग होता, वहिनी नाही म्हणाली. मग त्यांनी सुचवलं की वहिनीनं मोहगाव रस्त्यावरच्या एखाद्या वावरात जाऊन कापूस वेचावा, दोन मिनिटांचं काम. हे ऐकायला शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्याच होत्या. त्यांनी जन्मभर कापूस वेचला आहे.

"हिले नेता का सर? हे बोंड तोडन अन् झाडबी उपटन. मले न्या, मी रडूनबी दाखवतो."

वहिनी हसली. सर हसले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना निदान लाज वाटेल, पण त्यांना फक्त उशीर होत होता.

कॅमेरावाल्यानं भाचीला खुर्चीवर बसवलं. तिच्या मागे भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, आमच्या वस्तीत घरोघरी असतो तोच. त्यानं डोळा बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "ये फोटो फ्रेम में आ रहा है. हटा सकते हैं क्या?"

दादा शांतपणे म्हणाला, "घर त्याइचंच आहे, भाऊ. आम्ही इथं राहून राहिलो फक्त."

फोटो तिथंच राहिला, खुर्ची सरकली. सरांनी भाचीला वाक्यं सांगितली. माझ्याकडे पुस्तकं नव्हती, मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, शाळेनं मला घडवलं. ती ऐकत होती, पण नजर फडताळावर होती.

"सर, किताबें तो हैं."

"पता है बेटा. सिर्फ़ बोलना है."

तिनं थोडा विचार केला. "स्पेलिंग में एक अक्षर ग़लत हुआ तो आप बिठा देते हो. ये तो पूरा ही ग़लत है."

तिला हे कुणी पढवलं नव्हतं. ती उद्धटही नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं की एका अक्षराला इतके कडक असणारे सर अख्ख्या वाक्यांना इतके ढिले कसे.

सर चिडले नाहीत. बूट घालताना दादाला एवढंच म्हणाले, "सोच लीजिए. दूसरे नंबर वाला बच्चा भी अच्छा है."

आम्ही विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतं. आठवडाभरात वर्गात जाहीर झालं की निवडीत आत्मविश्वासही पाहिला गेला आहे आणि पांढुर्ण्याला दुसऱ्या नंबरचा मुलगा जाईल. त्याच्या वडलांचं बियाण्यांचं मोठं दुकान आहे. त्या मुलावर माझा राग नाही. पण त्याच्या घरी कॅमेरा गेला नाही. तुझी आई काय करते, तुझ्या घरात दिवा आहे का, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्याला फक्त स्पेलिंग यावी लागत होती. आमच्या पोरीला स्पेलिंगही यायला हवी होती आणि वर भीकही मागता यायला हवी होती. असले सिनेमे हेच शिकवतात. पोरीला नाही शिकवत, तिच्याकडे बघणाऱ्यांना शिकवतात.

तो मुलगा पांढुर्ण्याला गेला त्या दिवशी भाची नेहमीसारखी शाळेत गेली. संध्याकाळी तिनं विचारलं, "आत्या, ते सिनेमातली पोरगी खोटं बोलली असन का?"

मी म्हटलं, ती काही बोललीच नाही, तिचं सगळं दुसऱ्यानं लिहिलं.

वहिनी मात्र शाळेत गेली. पहिला नंबर कुणाचा होता ते लिहून द्या, म्हणाली. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की ती नुसती सरावाची फेरी होती, तिची नोंद ठेवलेली नाही. अख्ख्या शाळेनं पाहिलेला पहिला नंबर असा पुसला गेला, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत कसलीही स्पर्धा असो, तिथं जा. मूल तुमचं जिंको की दुसऱ्याचं. निकाल लागल्याबरोबर, घंटा व्हायच्या आत, सरांच्या हातात खडू द्या आणि जिंकणाऱ्याचं नाव फलकावर लिहायला लावा. ते लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.