शेजारच्या दाढेचं मूळ

पेशंट दाढ घेऊन येतो आणि किस्सा ठेवून जातो. विश्रांतवाडीत दवाखाना टाकल्यापासून काढलेल्या दाढा फेकून दिल्या, किस्से मात्र फेकवत नाहीत!

आमच्याकडे एक नियम आहे. अक्कलदाढ हिरडीत आडवी वाढली, की शेजारच्या दाढेच्या मुळाला टेकते आणि ते हळूहळू खाते. दुखत नाही, म्हणून लोक ती काढत नाहीत. अशा शूरवीरांनी वहीत स्वतःच्या अक्षरात कारण लिहायचं. परत आले की तेच मोठ्याने वाचायचं! वही माझ्या असिस्टंट मंदाताईंच्या ताब्यात असते.

*

एका सोसायटीचे चेअरमन. शेजाऱ्याचं चपलांचं स्टँड चार बोटं पुढे आलं म्हणून तीन नोटिसा देणारे! स्वतःची दाढ शेजारच्या मुळात घुसलेली, तर वहीत लिहिलं, "तूर्तास तक्रार नाही."

दीड वर्षाने दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. वर मलाच म्हणतात, "अहो, आधी स्पष्ट सांगायचं होतंत!"

मंदाताईंनी वही पुढे केली. वाचताना चेअरमनांचा आवाज फारच बारीक झाला.

*

एक आयटीवाला. एक्स-रेचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकून पोल घेतला. वहीत लिहिलं, "मेजॉरिटी नको म्हणतेय."

वर्षभरात गाल धरून हजर! मी सुई भरली, तसा किंचाळला, "सर, थांबा ना!"

"थांबतो," मी म्हणालो, "भूल द्यायची का, त्याचा पोल घ्या."

*

शहाणा एकच भेटला, लोणी काळभोरचा शेतकरी. मी एक्स-रे दाखवून समजवायला लागलो, तर मध्येच म्हणाला, "म्हंजी शेजाऱ्याचा बांध कोरतीया व्हय? काढा की मग! आमच्या चुलत्यानं असाच कोरला, अजून कोर्टात हाय आम्ही."

त्याला वही लागलीच नाही.

*

गेल्या महिन्यात भाकरी चावताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मंदाताईंनी खुर्चीत बसवून एक्स-रे काढला. माझी अक्कलदाढ आडवी, आणि शेजारचीचं मूळ अर्धं गायब! खरं सांगतो, घाबरलो.

"दिवाळीनंतर बघू," मी म्हणालो.

मंदाताईंनी वही आणली आणि पहिलं पान उघडलं. एक्स-रेचं मशीन नवं आलं, तेव्हा ट्रायल म्हणून पहिला फोटो माझाच काढला होता. त्या पानावर माझं अक्षर, माझी सही: "मी स्वतः डेंटिस्ट आहे. लक्ष ठेवून आहे."

"मोठ्याने वाचा, डॉक्टर," मंदाताई म्हणाल्या. "नव्या दाताच्या मापाला चेअरमन आलेत, बाहेरच बसलेत."